पट्टीवर ऑइल वाढलं, रिपोर्टात पातळ झालं

प्रश्न : माझा ट्रॉलर सहा सिलिंडरचा आहे. 1 ऑगस्टला मासेमारी बंदी उठली तेव्हा नवीन 15डब्ल्यू-40 ऑइल भरलं. 180 तासांनी नमुना लॅबमध्ये दिला. रिपोर्टात 100 अंशांवर व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा) 10.6, डिझेल 5 टक्क्यांच्या वर, तांबं 31, शिसं 27 आणि सोडियम 6 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आलंय. ऑइल जळत नाही, उलट ऑइल मोजायच्या पट्टीवर बोटभर वर दिसतं. मेकॅनिक म्हणतो, जाड 20डब्ल्यू-50 टाका. टाकू का?
– एक बोटमालक, हर्णै

उत्तर : नका टाकू. तुमचं ऑइल कमी दर्जाचं नाही, त्यात डिझेल उतरतंय. जाड ऑइल टाकलंत तर महिनाभराने तेही पातळ होईल.

15डब्ल्यू-40 मधला 40 हा गरम ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड. 40 ग्रेडचं ऑइल 100 अंशांवर 12.5 ते 16.3 सेंटिस्टोकमध्ये (दाटपणाचं एकक) असायला हवं. तुमचं 10.6 वर आलं, म्हणजे 30 ग्रेडमध्ये उतरलं. 15डब्ल्यू-40 सारखं मल्टिग्रेड ऑइल वापरानेही थोडं पातळ होतं, कारण त्यातले दाटपणा टिकवणारे पॉलिमर रगडले जाऊन तुटतात. पण त्याने पट्टीवरची पातळी वाढत नाही. पातळी वाढते ती बाहेरून काहीतरी आत आल्यावर. खारं पाणी शिरलं असतं तर सोडियम उसळलं असतं. ते 6 वर आहे, म्हणजे समुद्राच्या पाण्याने ऑइल थंड करणारा कूलर शाबूत.

मला खरी काळजी तांब्या-शिशाची वाटते, कारण ते बेअरिंग झिजून ऑइलमध्ये येतं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात अशाच एका इंजिनाचा बेअरिंग शेल (क्रँक ज्यात फिरतो ती धातूची वाटी) मी हातात घेतला होता. वरचा राखाडी थर घासून मधोमध रुपयाएवढा तांबूस चट्टा उघडा पडला होता. मालक महिनाभर खूश होता, ‘आपलं इंजिन ऑइल खात नाही’ म्हणून. डिझेल पेट्रोलसारखं गरम ऑइलमधून सहज उडून जात नाही, साठत राहतं. मग क्रँक आणि शेल यांच्यातला ऑइलचा पडदा तुटतो आणि धातूला धातू लागतो.

आता डिझेल कुठून उतरतंय ते शोधा. आधी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढून टेस्टिंगला द्या. फवारा न मारता टपकणारं नोझल लायनरवरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं) ऑइल धुऊन खाली नेतं. मग टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) बघा. नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या मेन पंपाला इंजिनाचंच ऑइल जात असेल तर त्याचे एलिमेंटही (दाब देणारे दट्टे) तपासून घ्या. आणि खलाशांना सांगा, जेटीवर बर्फ भरताना तास-तास इंजिन स्लोवर ठेवू नका. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, पिस्टनच्या रिंगांवरून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं.

हे होईपर्यंत बोट समुद्रात पाठवू नका. काम झालं की ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, 15डब्ल्यू-40च भरा. तांब्या-शिशाचा आकडा बघता एक-दोन बेअरिंगच्या कॅप उघडून शेल डोळ्यांनी बघा. खर्च वाटेल, पण क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागला तर ऐन हंगामात बोट धक्क्याला लागेल.

पुढचा नमुना 50 तासांनी काढा. इंजिन बंद केल्याबरोबर, ऑइल गरम असताना, कोरड्या बाटलीत. ड्रेनची पहिली धार सोडून द्या, मधली घ्या, आणि बाटलीवर ऑइलचे तास लिहायला विसरू नका. तास नसतील तर तांबं 31 हे 50 तासांचं की 300 तासांचं, हे लॅबवाल्याला कळत नाही.