दर उतरत असताना गृहकर्ज कोणाकडून घ्यावं?

तुम्ही विचारलंय: नागपुरात बेसाला फ्लॅट, ३० लाखांचं कर्ज, वीस वर्षं. हाउसिंग फायनान्स कंपनी ७.३५ म्हणते, सरकारी बँक ७.५०. दर उतरतायत, तर कोणाकडे जावं?

मी बँकेकडे गेलो असतो. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २०१७ साली मनीषनगरचा फ्लॅट घेताना मीही पाव टक्का कमी ऐकून एका कंपनीकडे गेलो होतो. तीन दिवसांत फाइल मंजूर, सह्या घ्यायला माणूस घरी. मे २०२० मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर) ४ टक्क्यांवर आला, तरी माझा दर नऊच्या आसपासच. विचारलं तर म्हणे, "सर, तो नवीन ग्राहकांचा रेट आहे. तुम्हाला हवा तर कन्व्हर्जन फी भरा." म्हणजे जुना गिऱ्हाईक तो बावळट!

त्यामागचं कारण समजून घ्या. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं गृहकर्ज बाहेरच्या दराशी जोडावंच लागतं. बहुतेकींनी रेपो धरलाय. तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा पीएलआर, म्हणजे कर्जाचा मूळ दर, त्याच ठरवतात, आणि तो चढताना जितका चपळ, तितका उतरताना नसतो. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. कंपनीवाल्याला एवढंच विचारा: या काळात तुमच्या जुन्या ग्राहकांचा दर किती उतरला? पीएलआरचा आकडा मागा, गोड बोलणं नको.

अर्थात रेपो वर गेला की बँकही लगेच वाढवते. मी कर्ज बँकेत हलवलं आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५० झाला तेव्हा तेही भोगलं. पण निदान हिशेब डोळ्यांसमोर होता.

बँकेत रेपोवरचा स्प्रेड, म्हणजे बँक रेपोवर लावते ती भर, किती, ते मंजुरीपत्रात बघा. खरा सौदा तोच.

दर उतरला की हप्ता कमी करून घेऊ नका. ७.५० ला तुमचा हप्ता साधारण २४,१७० बसेल. दर ७ झाला तर तो नऊशेने कमी होईल. त्याऐवजी तोच हप्ता चालू ठेवलात तर कर्ज दीड वर्ष आधी फिटतं. बँक आपणहून काय करेल याच्या भरवशावर राहू नका, लेखी अर्ज द्या.

आता नागपूरची गोष्ट, जी दरापेक्षा मोठी आहे. लेआउटचा आरएल (रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट अधिकृत असल्याचं सरकारी पत्र) आणि इमारतीचा मंजूर नकाशा आहे ना? नसेल तर सरकारी बँकेचा वकील फाइल परत करेल, कंपनी कदाचित चालवून घेईल. मग निवड उरतच नाही. वरून सांगतील, "आता घ्या, नंतर बँकेत ट्रान्सफर करा." फ्लोटिंग कर्ज आधी फेडायला दंड नाही, हे खरं. पण नवी बँक तोच कागद मागेल. शिवाय प्रोसेसिंग, वकील, गहाणखताची नोंद हा खर्च पुन्हा; माझे वीसेक हजार गेले होते.

आरएल हातात आहे की बिल्डर नुसता "येऊन जाईल" म्हणतोय, ते आधी सांगा. दुसरं असेल तर टोकन देऊ नका, भाऊ.