क्वालिटी इम्प्रूव्हमेंट फक्त कारखान्यातच चालते का? आमच्या सेवा कंपनीत वर्षभर करूनही तक्रारी तेवढ्याच का आहेत?

तुम्ही लिहिलंय की दर सोमवारी तक्रारींच्या आकड्यावर मीटिंग होते, आकडा वाढला की टीम लीडरला कारण लिहून द्यावं लागतं, आणि वर्ष उलटलं तरी फरक नाही. तर आधी हे सांगते की सेवेतही हे काम होतं, चांगलं होतं. पण तुमच्याकडे जे चाललंय ते सुधारणेचं काम नव्हे. मी अकरा वर्षं मशीन शॉपच्या क्वालिटी विभागात काढली, मग क्लेम तपासणाऱ्या एका कंपनीत गेले. हीच चूक मी दोन्हीकडे पाहिली, आणि पहिल्या ठिकाणी ती स्वतः केलीसुद्धा.

आमच्याकडे शाफ्टच्या लाइनवर एक ऑपरेटर होता, फार मन लावून काम करणारा. प्रत्येक नग मायक्रोमीटरने मोजायचा आणि दोन-तीन मायक्रॉनचा फरक दिसला तरी लगेच मशीनचा ऑफसेट, म्हणजे हत्यार किती आतबाहेर राहील ती सेटिंग, बदलायचा. तरीही रिजेक्शन त्याच्याच शिफ्टला जास्त. आम्ही त्याला "अजून लक्ष दे" असं सांगत राहिलो. शेवटी एकदा म्हटलं, पन्नास नग सेटिंगला हात न लावता काढून बघ. मापं एकदम जवळजवळ आली. इतके महिने आपण एका चांगल्या माणसाला बोल लावत होतो, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

कारण सोपं आहे. मटेरियल, तापमान, मोजणाऱ्याचा हात, सगळ्यामुळे माप थोडं इकडेतिकडे होतच असतं. त्या प्रत्येक चढउताराला उत्तर म्हणून सेटिंग हलवली की मागच्या नगाचा फरक पुढच्या नगात मिसळतो. स्थिर प्रक्रियेत असं दर नगाला केलं तर व्हेरियन्स (पसाऱ्याचा वर्ग) दुप्पट होतो, म्हणजे मापांचा पसारा सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. अमेरिकन क्वालिटी तज्ज्ञ डेमिंग हेच नरसाळं आणि गोटी घेऊन दाखवायचे: गोटी खुणेपासून जेवढी चुकेल तेवढं दर वेळी नरसाळं सरकवलं की गोट्या जास्तच विखुरतात. (टूल झिजून माप एकाच दिशेला सरकत असेल तर दुरुस्ती करावीच लागते, ती गोष्ट वेगळी.)

तुमची सोमवारची मीटिंग म्हणजे तोच ऑफसेट. आकडा 38 वरून 47 वर गेला की कोणीतरी कारण शोधतं, आणि शोधलं की काहीतरी सापडतंच.

नेहमीचा चढउतार कोणता आणि खरंच काहीतरी घडलंय ते कोणतं, हे वेगळं करण्यासाठी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 साली कंट्रोल चार्ट, म्हणजे वरखाली मर्यादेच्या रेषा आखलेला आलेख, मांडला. तुम्हाला त्यासाठी सॉफ्टवेअर लागणार नाही. मागच्या 25 आठवड्यांचे आकडे घ्या, सरासरी काढा. मग लागोपाठच्या दोन आठवड्यांमधला फरक, वजाचिन्ह सोडून, प्रत्येक जोडीसाठी काढा आणि त्या फरकांचीही सरासरी घ्या. तिला 2.66 ने गुणा. येणारी संख्या पहिल्या सरासरीत मिळवली की वरची मर्यादा, त्याच सरासरीतून वजा केली की खालची. समजा सरासरी 40 आणि फरकांची सरासरी 9 आली, तर मर्यादा साधारण 16 ते 64. मग 47 ला कारण मागण्यात अर्थच नाही, 55 लाही नाही. 70 आला तर मात्र त्याच दिवशी उठून चौकशी करा. कामाचा व्याप आठवड्यागणिक फार बदलत असेल तर नुसत्या तक्रारी न मोजता दर शंभर कामांमागे किती, ते मोजा.

आता खरं काम. आकडे मर्यादेत आहेत म्हणजे सगळं छान आहे असं नाही. तुमची पद्धतच आठवड्याला 40 तक्रारी तयार करते आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग एका आठवड्याची नाही, सहा महिन्यांच्या तक्रारी एकत्र काढून वाचा. आम्ही वाचल्या तेव्हा सर्वात मोठा गठ्ठा "माझी फाइल कुठे अडकली?" याचा निघाला. फाइल अडकायची एका जोडपत्रावर, आणि ते लागतं हे फॉर्मवर नीट लिहिलेलंच नव्हतं. ग्राहक विसरायचा, तपासनीस फाइल परत पाठवायचा, ग्राहक फोन करायचा, आणि त्या फोनसाठी आम्ही माणसं वाढवत होतो! जोडपत्राशिवाय फॉर्म पुढेच जाणार नाही अशी सोय केल्यावर तो गठ्ठा झपाट्याने आटला.

ही युक्ती कारखान्यातलीच आहे. 1961 मध्ये जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी एका स्विचच्या जुळणीत पाहिलं की कामगार कधीकधी दोनपैकी एक स्प्रिंग बसवायला विसरतात. त्यांनी आधी दोन्ही स्प्रिंगा एका ताटलीत काढून ठेवायला लावल्या. ताटलीत स्प्रिंग उरली की विसरल्याचं तिथल्या तिथे कळतं.

पुढच्या सोमवारी कारण लिहून द्यायची वेळ आली तर त्या कागदाला 25 आठवड्यांचा आलेख जोडा, मर्यादेच्या दोन्ही रेषा आखून. साहेबांशी वाद घालू नका. फक्त विचारा की यातल्या कोणत्या ठिपक्याचं कारण हवंय.