‘सोमवारपासून कडक’ लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझा आहाराचा तक्ता वाचला. सोमवार ते शुक्रवार सगळं ग्रॅममध्ये मोजलेलं, शनिवारी दुपारपर्यंत तेच, आणि पुढचे रकाने कोरे. खाली तुझीच टीप आहे, ‘सोमवारपासून पुन्हा कडक.’ कोऱ्या रकान्यांपेक्षा मला ही टीप जास्त खटकली.

तुला वाटतं, आपला निश्चय कमी पडतो. मला तसं दिसत नाही. पाच दिवस भुकेला दाबून ठेवणाऱ्या माणसाकडे निश्चय कमी कसा असेल? तू नियमच असे केलेस की एक घास इकडेतिकडे झाला, की सगळं मोडलं.

1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी एक प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव तपासण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढे ठेवलं. खाण्याची फारशी चिंता न करणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, साधी गोष्ट. एरवी स्वतःला सतत आवरणाऱ्यांनी मात्र मिल्कशेक पिऊन उलट जास्त खाल्लं. आजचा दिवस वाया गेलाच आहे, मग आता कशाला थांबा! तुझ्या शनिवारचं गणित हेच आहे.

उपासमारीचंही तसंच. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास पाव हिश्श्याने उतरलं. पण त्यांना दिवसरात्र खाण्याशिवाय काही सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं घेऊन बसत. बंधन उठल्यावर तर कितीही खाल्लं तरी अनेकांचं समाधान होईना. शरीरातली चरबी घटली, की तिच्यातून स्रवणारं लेप्टिन हे संप्रेरकही घटतं आणि भूक वाढते. तेव्हा दर शनिवारी तू ज्याच्याशी झगडतोस, तो तुझा स्वभावदोष नाही.

आता सोमवारच्या वजनकाट्याबद्दल. दोन दिवसांत दीड किलो वाढलं म्हणून तू न्याहारी सोडलीस. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण 7,700 कॅलरी जास्त खाव्या लागतात. शनिवार-रविवारात दीड किलो चरबीची भर पडणं जवळजवळ अशक्यच. वाढलं ते बहुतेक पाणी. स्नायू आणि यकृत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, धरून ठेवतात; त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. खारट खाल्लं असेल तर आणखी थोडं. दोन-तीन दिवसांत ते आपसूक उतरतं. पण न्याहारी सोडलीस की दुपारी वखवख, संध्याकाळी पश्चात्ताप, आणि पुन्हा नवा नियम. म्हणून जास्त खाल्लं गेलं तरी पुढचं जेवण वेळेवर आणि नेहमीइतकंच घे. भरपाई नको. हे ऐकायला सोपं आहे, पण माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी येणाऱ्यांना सगळ्यात अवघड हेच जातं.

गोड आवडतं ना? मग ते शनिवारसाठी राखून ठेवू नकोस. एखाद्या साध्या बुधवारी, जेवण झाल्यावर, ताटलीत वाढून, बसून खा. चोरून उभ्याउभ्या खाल्लेल्याची चव लागत नाही आणि हिशेबही राहत नाही.

‘फक्त शरीराचं ऐका’ हा सल्ला मात्र मला अर्धाच पटतो. 2019 मधल्या केविन हॉल या अमेरिकी संशोधकांच्या प्रयोगात लोकांना हवं तेवढं खायची मोकळीक होती. पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांवर असताना तीच माणसं, फारशी प्रक्रिया न केलेल्या जेवणावर असतानापेक्षा, रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. समोर वाढलेली साखर, चरबी आणि तंतू (फायबर) दोन्ही आहारांत सारखेच असूनसुद्धा. तेव्हा घरात काय सहज हाताशी असतं, याकडे लक्ष दे. बंदी घालू नकोस, पण रोजच्या भुकेला त्याच्यावर सोडू नकोस. झोपेचंही बघ; रात्री जागलास की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते.

वजन किती उतरवायचं? जास्त वजन असलेल्यांचं पाच ते दहा टक्के कमी झालं तरी रक्तदाब आणि रक्तातली साखर सुधारू शकते. तू ठरवलेला आकडा कुठून आला, हे मला कळव. बहुधा जुन्या फोटोतून आला असावा, असा माझा संशय आहे.

आणखी एक. खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकणं, खाल्ल्याची शिक्षा म्हणून तासन्‌तास व्यायाम करणं, किंवा थांबावंसं वाटूनही थांबता न येणं, यातलं काही होत असेल तर माझ्या पत्राची वाट पाहू नकोस. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेट. यावर उपचार आहेत, आणि लवकर गेलेलं बरं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर जेवणात बदल करण्याआधीही डॉक्टरांना विचार.

तुझी,
ताई