'धुनउगम राग' : ही धून कोणती?

प्रश्न असा आहे : कुमार गंधर्वांविषयी वाचताना 'धुनउगम राग' असं येतं. यातली धून आणि सतारिये, बासरीवाले मैफलीच्या शेवटी वाजवतात ती धून एकच का? आणि मराठीत 'चाल' असताना 'धून' कशाला?

एकच नाही. किंबहुना दोन्हींचा प्रवास उलट दिशेने होतो.

वादकाची धून म्हणजे रागाची शिस्त पाळून झाल्यावरची मोकळीक. पहाडी, मांड, पिलू अशा सुरावटी, दादरा-केरव्याचा ठेका, परका सूर आला तरी माफ, मध्येच एखादी कजरी, म्हणजे उत्तरेतलं पावसाळी लोकगीत, डोकावते. सतारवादक रविशंकरांच्या, अमेरिकेतल्या मॉन्टरे महोत्सवातल्या १९६७ सालच्या ध्वनिमुद्रिकेत आधी भीमपलासी आहे आणि शेवटी दादरा व द्रुत तीनतालातली धून. अशा वादनाला लोकसंगीताचा गंध असतो. मागे खरंखुरं लोकगीत असेलच असं नाही.

कुमारांची धून हा मात्र कच्चा माल. क्षयाच्या आजारपणात, १९४८ साली, ते देवासला राहायला गेले आणि माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडत राहिली. अशी गाणी बहुधा तीन-चार, फार तर पाच सुरांत फिरतात. त्या सुरांची आपसातली ओढ हेरायची, गाण्यात न आलेल्या जागा शोधायच्या, आरोह-अवरोह आणि चलन (सुरांच्या फिरण्याची रीत) उभं करायचं; मग होतो धुनेतून उगम पावलेला राग. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी हे त्यांतले. कुमारांच्या 'अनूपरागविलास' या पुस्तकात (१९६५) या रागांच्या बंदिशी सापडतील. पण 'मालवा की लोकधुनें' या कार्यक्रमात त्यांनी तीच लोकगीतं लोकगीतं म्हणूनच गायली. शास्त्रीय गवयाने गायलं की लोकगीताचं 'उपशास्त्रीय' होतं, असं सरसकट लिहिणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

आता 'चाल'. चाल शब्दांना लागलेली असते. संगीतकार कवितेला चाल लावतो, वारकरी अभंग एखाद्या चालीवर म्हणतो, जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असं छापत. शब्द काढून घेतल्यावर जी सुरावट उरते, ती धून. कुमारांना हवी होती तीच. शिवाय 'धुनोद्भव' असा संस्कृत साज त्यांनी चढवला नाही, हे मला फार आवडतं.

लिहिताना एवढं पाहा : सुटा शब्द 'धून' दीर्घ, 'धुनउगम' ऱ्हस्व, अनेकवचन 'धुना'. 'धुनी' नको, ती गोसाव्याची.