मुरबाड तालुक्यातल्या हायस्कूलला पहिल्यांदाच शिकवायला जातेय, जूनमध्ये शाळा सुरू होताना काय तयारी करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की शिक्षण सेवक म्हणून ऑर्डर मिळालीय, आठवी-नववीचे वर्ग मिळणार, ठाण्याहून जाऊन-येऊन करणार, तर वर्गसजावट, ओळखीचे खेळ, तक्ते यातलं काय काय आधीच तयार ठेवू. तक्ते करा, काही वाईट नाही. फक्त पहिल्या पावसात भिंतीला ओल धरते आणि कागद सोलून खाली येतो, त्यामुळे श्रावणानंतर करा.

मी शिक्षक नाही. त्याच तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलला लिपिक होतो, तिथूनच रिटायर झालो, आता कळव्याला असतो. शिकवायचं कसं ते मी तुम्हाला सांगणार नाही, ते तुम्ही शिकून आलाय. पण गावाकडच्या शाळेत जून महिन्यात मुलाचं सगळ्यात मोठं काम वर्गात होत नाही, ऑफिसातल्या टेबलावर होतं, आणि शिक्षक तिकडे ढुंकून बघत नाहीत हे मी नोकरीभर बघितलंय, म्हणून लिहायला बसलो.

जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची प्रवेशाची नोंदवही, तुम्हाला माहीतच आहे. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात, जन्मतारीख, जन्मठिकाण, आधीची शाळा. एकदा शाईने लिहिलं की ते कायमचं. नंतर बदलायचं तर माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मूल शाळा सोडून गेलं की विषय आणखी अवघड. शहरात आईबाप जन्माचा दाखला, आधार सगळं लॅमिनेट करून आणतात, एक वेलांटी चुकली तर भांडतात. वाडीवरचा बाप भांडत नाही. तुम्ही जे लिहाल त्यावर तो अंगठा देतो किंवा कशीबशी सही करतो आणि गाडी चुकू नये म्हणून निघतो. म्हणजे तिथे चूक पकडणारं आपल्याशिवाय दुसरं कोणी नसतं.

एक उदाहरण सांगतो, जरा लांबेल.

आधार वगैरे यायच्या आधीची गोष्ट. शाळा उघडून दोनतीन दिवस झालेले, बाहेर धो धो पाऊस, ऑफिसात ओल्या छत्र्यांचा ढीग, आठवीचे प्रवेश चालू. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा सातवीपर्यंत, त्यामुळे आठवीला सगळी गर्दी आमच्याकडे. एका ठाकरवाडीवरून एक बाप मुलीला घेऊन आला. आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला आणलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून. मी उघडून बघितला तर वडिलांच्या नावाच्या जागी घरी हाक मारायचं नाव, जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ आणि पुढे काहीच नाही. मुलीच्या थोरल्या भावाचा प्रवेश मीच केलेला होता, त्याची पानं काढून बघितली तर तिथे बापाचं नाव पूर्ण आणि ‘हिंदू ठाकर’ असं स्वच्छ लिहिलेलं. सख्खी भावंडं आणि कागदावर दोघांचे बाप वेगळे.

मी पेन खाली ठेवलं. बापाला म्हणलं, दादा, दाखला दुरुस्त करून आणल्याशिवाय मी नाव चढवणार नाही, पण पोरगी आजपासून वर्गात बसेल. मुलीला लगेच वर्गात पाठवून दिलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे झालं त्यात हे वाक्य सगळे विसरले.

आठवीचे वर्गशिक्षक तिथेच उभे होते. शिकवायला हुशार माणूस, गणितात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं, हे मी आजही म्हणेन. ते म्हणाले, अहो एवढं काय त्यात, दाखल्यावर आहे तसं उतरवा, बिचारा पावसात आलाय, रोजगार बुडवून आलाय, परत कशाला पाठवताय. मी म्हणलं त्याला पाठवत नाही, मीच जातो. तर ते स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांसमोर बोलले की हे लिपिक लोक आदिवासींच्या पोरांना दारात अडवतात. हे मला लागलं. ज्यांच्यासाठी पेन खाली ठेवलं त्यांनाच अडवल्याचा आळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या बापाला गाडीवर मागे बसवून त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. गुरुजी चांगले होते. त्यांनी दाखल-खारीज रजिस्टर काढलं आणि पान उघडलं, तर तिथे सगळं बरोबर! बापाचं पूर्ण नाव, जात, पहिलीच्या प्रवेशाला लिहिलेलं तसंच्या तसं. चूक फक्त दाखला लिहिताना झालेली, मे महिन्याच्या सुट्टीआधी घाईघाईत कोणी तरी ऐकीव नाव टाकून दिलेलं. गुरुजींनी तिथल्या तिथे आधीचा रद्द करून दुरुस्त दाखला दिला, सही-शिक्का केला, चहा पाजला. दुपारच्या सुट्टीच्या आत माझ्या रजिस्टरला नोंद झाली. एवढंच काम होतं ते, एका सकाळीचं. पण जूनमध्ये केलं म्हणून एका सकाळीचं. दहावी झाल्यावर तेच काम करायला निघालात तर गुरुजी बदलून गेलेले, शाळेचं रजिस्टर कपाटात तळाला, बाप वीटभट्टीवर, आणि मुलीच्या हातात फॉर्म भरायला आठ दिवस.

ती मुलगी बारावीनंतर नर्सिंगला गेली. राखीव जागेवर प्रवेश म्हणजे जात पडताळणी आली. आदिवासींना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आता आजोबा-पणजोबा कुठे शाळेत गेले होते? मग तलाठ्याकडचे जुने उतारे शोधा, नात्यातल्या लोकांचे शाळेचे दाखले जोडा, पडताळणी समितीचं दक्षता पथक शाळेत येऊन मूळ रजिस्टर बघतं. तिच्या घरातल्या सगळ्या कागदांवर एकच नाव, एकच जात, त्यामुळे कुठे अडलं नाही. तिच्या चुलतभावाचं मात्र अडलं. त्याचा प्रवेश मी रजेवर असताना झालेला, ‘आहे तसं उतरवा’ पद्धतीने. बापाचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं, जातीचा रकाना अर्धवट. दुरुस्तीच्या मागे फिरता फिरता प्रवेशाची मुदत गेली, पोराचं वर्ष गेलं, आणि मग तो पुढे शिकलाच नाही, कंपनीत हेल्पर म्हणून लागला.

त्या सरांना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले, लिपिकाचं काम लिपिकाने करावं, आम्हाला शिकवायला नेमलंय. मला हे वाक्य पटत नाही, कधीच पटणार नाही. वर्गशिक्षकाला मुलाच्या घरचं माहीत असतं, भावंडं माहीत असतात, आई कुठे कामाला जाते ते माहीत असतं. ऑफिसात आम्हाला फक्त कागद दिसतो. हजेरीपटावरची नावं आणि रजिस्टरवरची नावं घेऊन तुम्ही जूनमध्ये दोन तास क्लार्कच्या शेजारी बसलात तर निम्म्या चुका तिथेच निघतात. आणि आता तर हे जास्तच लागतंय. आधारवर एक नाव आणि शाळेत दुसरं असलं की यूडायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी पोर्टलला, जुळत नाही, मुलाचा अपार ओळखक्रमांक तयार होत नाही, मग मुख्याध्यापक सगळ्यांच्या मागे लागतात, कारण ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते आणि त्यावर शिक्षकांची पदं. स्वतःच्या पदावर आलं की सगळ्यांना एकेका नावाची किंमत कळते. पोराच्या वर्षावर येतं तेव्हाही ती कळायला हवी होती.

जन्मतारखेचंही तेच. आमच्या रजिस्टरला पानंच्या पानं १ जूनला जन्मलेली पोरं आहेत. घरी तारीख माहीत नसायची, शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी वय बसवून १ जून टाकायचे. म्हणून तर ३१ मेला सरकारी ऑफिसांमध्ये निरोपसमारंभांची रांग लागते. आता जन्मनोंद होते, तरी ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर एक तारीख आणि शाळेत दुसरी असं अजून सापडतं. विचारा, पडताळून बघा.

आता तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं.

आठवी आणि नववी एकच समजू नका. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा आहे, दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, पुस्तकं फुकट, दुपारी पोषण आहार. नववीला त्याच मुलाची खिचडी बंद होते आणि पुस्तकं विकत घ्यावी लागतात. मे महिन्यात काही बदललेलं नसतं, भूकही तीच आणि घरची कमाईही तीच, फक्त इयत्ता बदलली. जूनमध्ये नववीच्या वर्गात मधल्या सुट्टीत कोण डबा आणत नाही, कोण नळावर पाणी पिऊन परत येऊन बसतं, हे बघा. गावाकडे मुलं शाळा सोडतात त्यातली बरीचशी इथे सोडतात. त्याच आठवड्यात नुकत्याच दहावीत गेलेल्या मुलांकडून नववीची जुनी पुस्तकं गोळा करा, ती त्यांच्याकडे पडून असतात, मागितली तर देतात.

एसटीचा पास. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत, मुलांना भाड्याच्या साधारण एकतृतीयांश पैशात. त्यासाठी शाळेची यादी, सही-शिक्का वेळेवर गेला पाहिजे. शाळेने यादी पाठवायला उशीर केला की पहिले पंधरा दिवस पोरं चालत येतात किंवा येतच नाहीत, आणि आपण हजेरीला अ लावत बसतो.

जुलैमध्ये आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की वर्ग निम्मा रिकामा होणार. रोपं काढून मुठी बांधायला घरातले सगळे हात लागतात. रागावू नका आणि त्याच पंधरवड्यात बीजगणिताचा अवघड धडा घेऊ नका, उजळणी घ्या. कातकरी मुलांचं वेगळं, ती दिवाळीनंतर आईबापाबरोबर भट्टीवर जातात, भिवंडी-कल्याणकडे. त्यांचं शिक्षण हमी पत्रक तयार करून हातात द्यायचं असतं म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. हे दिवाळीत आठवून उपयोग नाही, कोणती कुटुंबं जातात ती यादी जूनमध्येच करून ठेवा. कोणी सलग गैरहजर आहे म्हणून पटावरून नाव कमी करायला कोणी सांगितलं तर आधी घरी जाऊन या.

आठवीतल्या मुलांना एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी आहे, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला वेळ लागतो आणि आवणीत कोणी तहसीलला जात नाही, तेव्हा पालकांना जूनच्या पहिल्या सभेतच सांगा.

ठाण्याहून जाऊन-येऊन जमेल, मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी आणि पुढे गावाची गाडी. पावसाळ्यात रायत्याच्या पुलावर पाणी आलं की अडकाल, तेव्हा गावात एखाद्या घरी ओळख ठेवा. माझं विचाराल तर पहिलं वर्ष तरी तिथेच खोली घ्या, मुलांची घरं संध्याकाळीच भेटतात.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी रिटायर होऊन काळ झालाय, फॉर्म आणि पोर्टल दर वर्षी बदलतात, तेव्हा नेमकं काय लागतं ते तुमच्या शाळेतल्या क्लार्कला विचारा. आणि सगळे शिक्षक त्या सरांसारखे नव्हते, आमच्याकडे एक मराठीच्या बाई होत्या, त्या जूनचे पहिले दोन आठवडे शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाशी बसून प्रत्येक नाव मोठ्याने वाचायच्या आणि मी रजिस्टरला बोट ठेवून तपासायचो. त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलाला दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मला नावदुरुस्ती लागलेली मला आठवत नाही. त्यांनी हे काम कधी लिपिकाचं म्हणलं नाही.

तर शाळेत गेलात की पहिल्याच दिवशी क्लार्ककडे तुमच्या वर्गाची रजिस्टरमधली पानं बघायला मागा. कटकट करेल, जूनमध्ये आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. तरी मागा.