मुंज्याला हसायचं आणि देवापुढे हात जोडायचे, हा दुटप्पीपणा नाही का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमची आत्या पिंपळावरच्या मुंज्याला घाबरते, तिन्हीसांजेनंतर त्या झाडाखालून जात नाही आणि घरातले सगळे तिला हसतात. तीच मंडळी मंगळवारी पहाटे सिद्धिविनायकाच्या रांगेत उभी असतात. पुरावा दोन्हीकडे नाही, मग हसायचं आत्यालाच का?

मी दोन्हीकडचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गाव वेंगुर्ला तालुक्यात, जन्म परळच्या चाळीत आणि नोकरी फोर्टमधल्या एका विमा कंपनीत. निवृत्त होईपर्यंत क्लेमच्या फायली तपासल्या. त्यामुळे 'पुरावा' म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाचा? फायलीत तीन गोष्टी वेगवेगळ्या बघाव्या लागतात. पॉलिसी घेणारा माणूस खरा आहे का, आग खरंच लागली का, आणि माल त्या आगीतच जळला का. लबाड क्लेमवाला पहिल्या गोष्टीचे इतके कागद लावतो की तिसरी विचारायची आपल्याला आठवणच राहू नये. संतांच्या आणि देवांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच होतं, फक्त लबाडी कुणाचीच नसते.

महालक्ष्मीचं देऊळ घ्या. अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबीने वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खाडी बांध घालून बुजवायला घेतली. बांध टिकेना. मग रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू बांधकाम करणाऱ्याच्या स्वप्नात देवी आली, म्हणाली मी पाण्यात आहे, मला वर काढ. मूर्ती सापडल्या आणि बांध उभा राहिला, अशी कथा आहे. ही कथा सांगणारा शेवटी हाजीअलीच्या रस्त्याकडे बोट दाखवतो, "तो बघा ना बांध!" बांध आहेच. हॉर्नबी वेलार्ड म्हणून तो नकाशावर होता, आज त्यावरून लाला लजपतराय मार्ग जातो. पण बांध हा बांधाचा पुरावा, स्वप्नाचा नाही. स्वप्नाला साक्षीदार एकच, ज्याला पडलं तो.

ज्ञानेश्वरांचंही तसंच. माणूस होऊन गेला याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. 1290 सालचा ग्रंथ आपल्या हातात आहे आणि ती भाषा कोणी नंतर उगाच रचून ठेवणार नाही. भिंत चालली का, रेडा बोलला का, ही वेगळी फाईल. मला तर वाटतं, ज्याने विशीच्या आत नऊ हजार ओव्या सांगितल्या त्याला भिंतीची गरजच काय? पण आळंदीला गेलो की भिंत बघायला मीही थांबतो, हे कबूल.

आता मुंजा. मुंज झालेला, सोडमुंज व्हायच्या आधी वारलेला मुलगा पिंपळावर राहतो, असं म्हणतात. त्याचं नाव नाही, साल नाही, लिहिलेली ओळ नाही. पहिल्याच कागदाला फाईल बंद. म्हणजे 'पुरावा दोन्हीकडे नाही' हे तुमचं वाक्य अर्धं बरोबर आहे. संतांच्या पहिल्या फायलीत पुरावा असतो, दुसरी-तिसरी मुंज्याइतकीच रिकामी.

पण म्हणून लोक संताला मानतात आणि मुंज्याला हसतात, असं तुम्हाला वाटत असेल तर ते मला पटत नाही. आमच्या गावाकडचं उदाहरण देतो.

विक्रम-वेताळाच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. स्मशानातल्या झाडावर उलटं लटकलेलं प्रेत, त्यात शिरलेला वेताळ. भुतांचा राजा. मुंबईत हे पोरांना झोपताना सांगायचं. तोच वेताळ वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे. मोठं देऊळ, माणसापेक्षा उंच मूर्ती, जत्रा. नवसाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून चपला झिजतात, असं सगळे सांगतात. लालबाग-परळच्या चाळीतला अर्धा चाकरमानी वेतोबाला घाबरत नाही, त्याच्यावर भिस्त ठेवतो. तेव्हा सांगा, वेताळ भूत की देव? पुरावा तर दोन्हीकडे तितकाच. दादरला एसटीत बसताना तो गोष्टीतला असतो आणि सकाळी वेंगुर्ल्याला उतरेपर्यंत त्याचा देव झालेला असतो.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना वडलांनी मला त्या चपलेचा तळवा दाखवला होता. "बघ, तळवो कसो झिजलो हा. रातभर फिरता तो." मी वाकून बघितलं. मला तळवा धुळीने मळलेला दिसला. वडलांना झिजलेला दिसला. चप्पल एकच होती. मी 'हो' म्हणालो, कारण गावात वडलांना नाही म्हणायची पद्धत नव्हती आणि मला भूकही लागली होती.

हेच वडील सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला गेले की मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं विकायला ठेवलेली बघून हसायचे. गुडघा दुखतो म्हणून मेणाचा पाय वाहायचा, काय खुळे लोक! दुटप्पीपणा शोधायचाच असेल तर तो मला इथे दिसतो. देव आणि भूत यांच्यामध्ये नाही, आपला आणि त्यांचा यांच्यामध्ये. आपल्या चपलेला जो पुरावा चालतो, तो त्यांच्या मेणबत्तीला चालत नाही.

अर्थात एकदा माहीमला मी हे कुंपण मोडलेलं पाहिलं. 18 ऑगस्ट 2006, रात्र. तेव्हा आम्ही माहीमलाच राहायचो. खाडीचं पाणी गोडं झालं, मखदूमबाबांची करामत, अशी हाक उठली. मखदूम अली माहिमी हे खरे गृहस्थ, 1372 ते 1431, कुराणावर भाष्य लिहिलेले विद्वान; त्यांच्या दर्ग्यावर उरुसाला पहिली चादर मुंबई पोलिसांची चढते. त्या रात्री किनाऱ्यावर टोप्या, बुरखे, टिळे, मंगळसूत्रं, सगळं एकत्र. कोण ओंजळीने पीत होतं, कोण बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्या भरत होतं. शेजारून प्लास्टिकच्या पिशव्या वाहत होत्या. प्रदूषण नियंत्रण मंडळ सांगत होतं पिऊ नका, महापालिका सांगत होती पिऊ नका. मिठी नदी या खाडीत काय काय आणून सोडते हे माहीमकराला सांगावं लागत नाही, तरी लोक पीत होते.

मी जिभेला लावून बघितलं. खारटपणा कमी होता, हे खरं. पावसाळा ऐन भरात होता, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, वर तरंगतं. नंतर तज्ज्ञांनी जे खुलासे दिले त्यांचं सार एवढंच, की पावसाचं पाणी कुठूनतरी समुद्रात आलं. मला मात्र गंमत वाटली ती भाषेची. कोळी 'गोडं पाणी' म्हणतो तेव्हा त्याला खारं नसलेलं एवढंच म्हणायचं असतं. ती बातमी किनाऱ्यावरून स्टेशनपर्यंत पोचली तेव्हा पाणी 'गोड' झालं होतं, आणि माटुंग्याच्या मावशीने फोनवर विचारलं, "साखरेसारखं आहे का रे?" एक अनुस्वार गळला आणि चमत्कार दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी पुन्हा खारट. पाठोपाठ गणपती दूध प्यायला लागल्याच्या बातम्याही आल्या, 1995 सारख्याच.

आईने भरून आणलेली बाटली आमच्या देव्हाऱ्यामागे पाच वर्षं होती. तिला मी खुलासा समजावून सांगितला होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल. पण बाबांच्या दारातच का आलं ते?" याला माझ्याकडे उत्तर होतं, बाबांचं दार खाडीजवळ आहे म्हणून. पण ते बोलून जिंकण्यासारखं काही वाटलं नाही.

तर मग लोकांच्या डोक्यातला खरा फरक कोणता? माझ्या मते देवामागे माणसं असतात, मुंज्यामागे नसतात. देवाला देऊळ, ट्रस्ट, पुजारी, पालखी, कॅलेंडरात लाल तारीख. मुंज्याला एक पिंपळ, तोही बिल्डरच्या दयेवर. 2012 मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ल्यात येशूच्या क्रूसावरच्या मूर्तीच्या पायातून पाणी ठिबकू लागलं आणि गर्दी जमली. सनल इडमरुकु या तर्कवाद्यांनी जाऊन पाहिलं आणि तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढतंय, असं सांगितलं. भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. हडळीची चेष्टा केली म्हणून कुणावर भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल झाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. बिचारीचा ट्रस्ट नाही.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर, मला वाटतं, आपल्या कायद्याने दिलंय. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा आधी अध्यादेश म्हणून आणि मग डिसेंबरमध्ये विधिमंडळात आला. त्यात देव आहे की नाही, भूत आहे की नाही, यावर एक शब्द नाही. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही. दिवंगत संतांचे चमत्कार सांगायला, छापायला मोकळीक आहे. बंदी कशावर? भूत उतरवतो म्हणून साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, चमत्कार करून दाखवतो सांगून लोकांना फसवणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे कायद्याने पुरावा मागितलाच नाही, इजा कुणाला झाली एवढंच विचारलं. पक्क्या नास्तिकांना हे मिळमिळीत वाटतं. मला क्लेमवाल्याच्या नजरेने ते अगदी बरोबर वाटतं, कारण नुकसान मोजता येतं.

मी अजूनही गावाला गेलो की वेतोबापुढे उभा राहतो. गाऱ्हाणं चालू झालं की 'व्हय म्हाराजा' आपोआप तोंडातून निघतं. विश्वास आहे का, असं विचाराल तर नाही. मग का म्हणता, असं विचाराल तर आजूबाजूचे सगळे म्हणतात आणि त्यात वडलांचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो म्हणून. हा पुरावा नव्हे, मी तो कुठे दाखलही करत नाही.

राहता राहिली तुमची आत्या. पिंपळ टाळून लांबून जाण्यापुरतंच असेल तर जाऊ द्या, चालणं होतं तेवढंच. हसणाऱ्यांना मात्र एकदा विचारा, सिद्धिविनायकाला काय मागितलंत आणि मिळालं नाही तेव्हा काय म्हणालात. पण उद्या कुणी भगत घरी येऊन 'बाईंना मुंजा लागलाय, उतरवायला एवढे पडतील' म्हणाला, तर आत्याला समजावत बसू नका, सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्रही. आणि तो भगत घरात आत्याने बोलावला की हसणाऱ्यांपैकी कुणी, हेही जरा बघून घ्या. आमच्या चाळीत असा प्रसंग आला होता तेव्हा बोलावणारा निघाला तो बी.एस्सी. झालेला पुतण्या.