ॲनिमेशन पाहूनही मुलांना अल्गोरिदम लिहिता येत नाही, मग ते दाखवावं का?

तुमचा अनुभव असा, की प्रोजेक्टरवर ॲनिमेशन चालू असताना मुलं माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी वही कोरी. तरीही दाखवा, फक्त पुढची पायरी मुलांनी सांगितल्याशिवाय बटण दाबू नका. हंडहाउझेन, डग्लस आणि स्टॅस्को या संशोधकांनी २००२ साली अल्गोरिदमच्या ॲनिमेशनवर झालेल्या २४ प्रयोगांचा आढावा घेतला. ॲनिमेशनमध्ये काय दिसतं यापेक्षा विद्यार्थी त्याच्याशी काय करतात याला जास्त महत्त्व आहे, असं त्यांना आढळलं.

मी मुंबईत डिप्लोमाला शिकवते. कॉन्व्हेक्स हल, म्हणजे सगळे बिंदू सामावून घेणारा सर्वांत लहान बहिर्वक्र बहुभुज, शिकवताना जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा ठेवून सहा स्टेशनं मांडते: खोपोली, कसारा, डहाणू रोड, ठाणे, पनवेल, चर्चगेट. लोकलने येणाऱ्या मुलांना ही नावं नवी नसतात. कडेला कोणती येतील, हे आधी विचारते. पनवेलसाठी बरेच हात वर होतात.

मग हल शोधायची एक रीत, ग्रॅहम स्कॅन (१९७२). सर्वांत दक्षिणेचं खोपोली धरायचं, बाकीची तिथून दिसणाऱ्या कोनाच्या क्रमाने, घड्याळाच्या उलट दिशेने घ्यायची. सलग तीन स्टेशनांमधलं वळण डावीकडे असेल तर स्टेशन स्टॅकवर, म्हणजे निवडलेल्यांच्या चळतीवर राहतं, उजवीकडे असेल तर तिघांतलं मधलं काढायचं. पनवेलपर्यंत सगळं डावीकडेच वळतं. चर्चगेट येतं आणि पनवेल बाहेर पडतं. इथे हमखास थांबा आणि विचारा, 'आता चर्चगेट ठेवू?' बहुतेक जण हो म्हणतात. पण डहाणू-ठाणे-चर्चगेट हे वळणही उजवीकडेच आहे, म्हणून ठाणेही जातं. कोडमध्ये एकदाच तपासणारा 'इफ' का पुरत नाही, पुन्हा पुन्हा तपासणारा 'व्हाइल' का लागतो, हे त्या क्षणी जितकं पक्कं बसतं तितकं फळ्यावर लिहून कधीच बसत नाही.

नंतर माउस त्यांच्या हातात द्या. पनवेलचा बिंदू हळूहळू दक्षिणेला ओढू दे. खोपोली-चर्चगेट रेषा ओलांडताच क्रॉस प्रॉडक्टचं (वळण डावं की उजवं हे सांगणाऱ्या गुणाकाराचं) चिन्ह बदलतं आणि पनवेल हलचा एक कोपरा होतं.

सॉर्टिंगसाठी, म्हणजे आकडे क्रमाने लावणं शिकवायला, वेगळं काही बनवत बसू नका, स्टीव्हन हालिम यांचं व्हिज्युॲल्गो हे ॲनिमेशनचं संकेतस्थळ पुरेसं आहे. तयार आकडे मात्र टाळा. पहिला घटक पिव्हट (ज्याच्याशी तुलना करून बाकीच्यांचे लहान-मोठे गट पाडायचे तो) धरणाऱ्या क्विक सॉर्ट या रीतीला जास्तीत जास्त वेळ लागेल अशी यादी मुलांनाच शोधायला लावा. कुणीतरी चढत्या क्रमाने लावलेले आकडे घालून बघतंच, आणि मग 'का?' हा प्रश्न वर्गातूनच येतो.